रिकामी ठेवायची बरणी

१

"तुमची रिकामी बरणी रिकामी नव्हती," काचेपलीकडचा अधिकारी म्हणाला.

धाकटीने पुन्हा विचारलं. परक्या भाषेत कधी कधी शब्द सगळे कळतात आणि वाक्य कळत नाही, तसंच झालं असेल असं तिला वाटलं. अधिकाऱ्याने तेच वाक्य तेवढ्याच थंडपणे पुन्हा म्हटलं आणि काचेखालच्या फटीतून एक फोटो पुढे सरकवला. फोटोत बरणीचा तळ दिसत होता. तळाशी कागदाची गोल चकती आणि तिच्या मधोमध पांढऱ्या दाण्यांचा चिमुकला ढीग.

"साखर," तो म्हणाला. "साधी, खायची. गुरुवारी सुनावणी आहे. पटण्यासारखा खुलासा करा, नाहीतर अर्ज बंद."

अर्ज बंद म्हणजे काय, हे धाकटीला कुणी समजावून सांगायला नको होतं. या देशात प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाच्या खांद्यावर उभा होता. साबणाची तपासणी झाली तर परवाना, परवाना मिळाला तर दुकान, दुकान सुरू झालं तर राहण्याची मुदत वाढणार. खालचा एक निसटला की नवरा, सासूबाई, साच्यांत मुरत पडलेला साबण आणि ती स्वतः, सगळ्यांनी बाडबिस्तरा आवरायचा.

तपासणीची पद्धत तशी सोपी होती. कार्यालय एका खोक्यात दोन सारख्या बरण्या पाठवत असे. एकीत आपला साबण भरायचा. दुसरी नुसती झाकण लावून तशीच परत द्यायची. जागेतली धूळ, हवा, हाताचा मळ असं काही नमुन्यात शिरलं असेल, तर ते या दुसऱ्या बरणीतही सापडेल, ही त्यामागची कल्पना. तिच्यात काहीही नसणं हेच तिचं काम.

आणि तेवढं एक काम तिला कुणीतरी करू दिलं नव्हतं.

२

धाकटीची थोरली बहीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती आणि बहिणीकडे राहायला आली होती. आल्या दिवसापासून तिची एकच तक्रार होती. या घरात साखरेचा कण नव्हता. सासूबाईंचा मधुमेह बळावल्यावर नवऱ्याने साखरेचा डबाच घराबाहेर काढला होता, आणि पाहुण्यांनासुद्धा फिका चहा मिळत असे.

त्या दिवशी मात्र ताईने चहाकडे पाहिलंच नाही. तिने फोटो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाला लावून पाहिला.

"हे दाणे सारखे नाहीत," ती म्हणाली. "थोडे जाड खडे, थोडा चुरा. बरं, खोकं बांधलंस कधी आणि नेलं कोणी?"

धाकटीने सगळं नीट सांगितलं. साबण भरला, दोन्ही झाकणं लावली, खोकं दुकानाच्या टेबलावर ठेवलं. नेणारा माणूस आला की त्याच्यासमोर खोक्याला चिकटपट्टी लावायची असा नियम. पण तेवढ्यात मुदतीच्या कार्यालयातून बोलावणं आलं, ताबडतोब या. नवरा तेलाचे डबे आणायला गावाबाहेर, ताई तेव्हा आलेलीही नव्हती. मग धाकटीने शेजारच्या मेणबत्तीवालीला किल्ली दिली आणि पळाली. खोकं त्या बाईनेच दिलं.

"मग कशाला शोधायचं आणखी?" कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "तिनेच केलं. मी पहिल्यापासून सांगतेय, तिच्या डोळ्यांतच खोट आहे. माझ्याशी बोलताना खाली बघते."

"आई, तुम्ही तिच्याशी मराठीत बोलता. खाली नाही बघणार तर काय करणार ती?" धाकटी म्हणाली.

"मराठी काय फार अवघड आहे?"

"तुम्ही खाली दुकानात गेला होतात का हो त्या दुपारी?" ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं.

सासूबाईंनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. "म्हणजे चोर मी?"

"चोर कुठे म्हणाले मी?"

"पाहुण्या म्हणून आलात आणि फौजदार झालात! उतरले होते जिन्यावरून. अर्ध्यावर. खाली कुणाचा तरी खोकला ऐकू आला म्हणून. घरमालक दिसला, नळाखाली वाकलेला. गुडघे दुखायला लागले, परत फिरले. आणि साखर मी आणू कुठून? तुमच्या मेहुण्यांनी या घरात साखरेची काय दशा केली आहे, ते तुम्ही बघताच आहात."

ते खरं होतं. ताईने सासूबाईंच्या नावावर मनातल्या मनात काट मारली. तसं धाकटीला तिच्या चेहऱ्यावरून कळलं आणि जीव थोडा भांड्यात पडला.

"घरमालक होता, हे तू मला सांगितलं नाहीस," ताई म्हणाली.

"मलाच ठाऊक नव्हतं," धाकटी म्हणाली.

३

घरमालकाला त्यांच्या घरात कुलूपकाका म्हणत. इमारतीतल्या प्रत्येक दाराला, कपाटाला, अगदी झाडूच्या पेटीलाही त्याने कुलूप लावलं होतं आणि किल्ल्यांचा जुडगा तो पट्ट्याला अडकवून फिरे. तो येण्याआधी त्याचा आवाज येई.

"जाताय तर हे न्या," म्हणत सासूबाईंनी खाऊचा डबा ताईच्या हातात कोंबला. "रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये."

"आई, आम्ही उलटतपासणीला चाललोय."

"मग तर न्यायलाच हवा."

कुलूपकाकाने डबा तिथल्या तिथे उघडला, उभ्याउभ्याच फस्त केला, धुऊन पुसून लख्ख परत दिला. तो रिकामा डबा पाहून सासूबाई नाक मुरडणार, हे धाकटीला आधीच दिसलं.

"हो, गेलो होतो," तो म्हणाला. "नळ ठिबकतोय असं तुझा नवराच म्हणाला होता. माझ्याकडे दुसरी किल्ली असते. खोकं पाहिलं, टेबलावर होतं. हात नाही लावला. सरकारी शिक्का असलेल्या वस्तूला मी हात लावत नाही, अंगावर पुरळ येतं."

"तुमच्या या जागेला दुसरीकडून मागणी आली होती ना?" ताईचा प्रश्न धाकटीने भाषांतर करून सांगितला. सांगताना तिला ओशाळल्यासारखं झालं.

"आली होती. जास्त भाड्याची." त्याने खिशातून रुमाल ओढला आणि मान पुसली.

रुमालाबरोबर खिशातून आणखी काहीतरी बाहेर पडलं आणि फरशीवर विखुरलं. हॉटेलात चहाबरोबर देतात त्या साखरेच्या पुड्या. एक, दोन नाही, मूठभर.

कुलूपकाकाचे कान लाल झाले.

४

"फुकट देतात तर उचलतो," शेवटी तो म्हणाला. "यावरून माणसाला फाशी देणार आहात का?"

ताईने खाली वाकून एक पुडी उचलली, फोडली आणि तळहातावर रिकामी केली. साखर बारीक होती, रव्यासारखी, सगळे दाणे एका मापाचे. तिने फोटोशी ताडून पाहिलं आणि ही नव्हे अशी मान हलवली.

"आणि डोकं चालवा जरा," कुलूपकाका आता चांगलाच तापला होता. "जागेचा वापर बदलायचा अर्ज तुमच्या परवान्याला जोडलेला आहे. तुमचा बंद झाला की माझाही बंद. मग नवा भाडेकरू, नवा नकाशा, नवी आग विझवण्याची तपासणी, पुन्हा पहिल्या खिडकीपासून रांग! मागच्या वेळी त्या रांगेत माझी कंबर धरली ती अजून सुटली नाही. जास्त भाडं मिळालं तरी नको मला. तुम्ही इथे म्हातारे व्हा, अशी मी रोज प्रार्थना करतो."

परत येताना जिन्यात धाकटीला हसू आलं. "भाडेकरूवर इतकं प्रेम करणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहिला."

"प्रेम नव्हे गं, रांगेची धास्ती," ताई म्हणाली. "पण पुरावा म्हणून चालेल. आता राहिलं कोण?"

धाकटीचं हसू मावळलं. राहिली होती मेणबत्तीवाली. तीही या देशात बाहेरूनच आलेली, पण फार पूर्वी. कुठल्या खिडकीवर सकाळीच जायचं, कुठला कारकून फोटोचा आकार पट्टीने मोजतो, कुठे अर्जाची जादा प्रत न मागता द्यायची, हे सगळं तिनेच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी भाषा न कळून धाकटी रस्त्याच्या कडेला रडत बसली होती, तेव्हा तिने काही न विचारता शेजारी येऊन बसकण मारली होती.

पण साबण आणि मेणबत्त्या शेवटी एकाच गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातात, हेही खरंच होतं.

दुकानात गरम मेणाचा वास कोंदला होता. मेणबत्तीवालीने दोघींना स्टुलं दिली, चहा ओतला, आणि बशीत साखरेचे चौकोनी खडे ठेवले. ताईने कित्येक दिवसांनी गोड चहा घेतला. एक खडा तिने चमच्याखाली दाबला. तो फुटला, थोडे जाड तुकडे झाले, थोडा चुरा.

ताईने धाकटीकडे पाहिलं नाही.

"त्या दिवशी खोकं देताना काही घडलं का?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. माणूस आला, घाईत होता. पट्टी लावली, गेला." मेणबत्तीवालीने तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. "सगळं छान होईल बघ. मी... सगळं व्यवस्थित करून दिलं होतं."

बोलता बोलता तिचे हात काम करत होते. मेणाचा हात दिलेला जाड कागद, कात्री, आणि पेल्याच्या तळाशी बसेल अशी नेमकी गोल चकती. एक कापून झाली की दुसरी. चकती तळाशी घातली की मेण काचेला धरत नाही.

धाकटीची नजर कात्रीवरून फडताळाकडे गेली. तिथे त्यांच्याच घरची वाटी होती. वाटीत सुके जर्दाळू होते आणि त्यांच्याखाली तशीच गोल चकती.

"अगं हो, ती वाटी," मेणबत्तीवाली म्हणाली. "उद्या आणून देणारच होते."

धाकटी उठली. चहा तसाच ठेवून ती दुकानाबाहेर पडली.

५

"माझा तिच्यावर विश्वास होता," वर आल्यावर ती म्हणाली. "सख्ख्या बहिणीसारखा."

"सख्खी बहीण इथे उभी आहे, जरा जपून बोल," ताई म्हणाली. "बस. आणि मी विचारते त्याची उत्तरं दे. तुझं वाटोळं करायचं असतं, तर तिने काय केलं असतं?"

"साबणात काहीतरी मिसळलं असतं."

"मिसळलं?"

"नाही. अधिकारी म्हणाला, साबणाचा अहवाल स्वच्छ आहे. पण आता तो धरता येत नाही."

"म्हणजे भरलेल्या बरणीला तिने हातही लावला नाही. तिच्या दुकानात रंग आहेत, अत्तरं आहेत, राख आहे, ते काही घातलं नाही. रिकाम्या बरणीत घातली साखर. तीही भसकन ओतली नाही. आधी चकती कापली, तळाशी बसवली, मधोमध साखर ठेवली, झाकण घट्ट लावलं. सांग बरं, वाईट करणारा माणूस वाईटपणा इतका सजवतो का?"

धाकटीने नाही म्हणून मान हलवली.

"आता दुसरं. तू तिच्याकडे पहिल्यांदा वाटी पाठवलीस, ती परत कशी आली?"

"रिकामी." धाकटीला आठवलं. "धुऊन. आईंचं तोंड इतकं वाकडं झालं की ते तिला दिसलं. तिने विचारलं, काही चुकलं का? मग मी हसून सांगितलं, आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काहीतरी घालायचं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कधीच रिकामी आली नाही. एकदा काही नव्हतं घरात तर तिने..." धाकटी थांबली. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

"तू घाईत पळालीस," ताई हळू आवाजात म्हणाली. "ती तुझ्या दुकानात आली. खोक्यात सरकारची भांडी. एक भरलेलं, एक रिकामं. माणूस दारात उभा. तिला वाटलं असेल, पोरगी गडबडीत विसरली. सरकारच्या दारात हिचं भांडं रिकामं जायला नको. धावत जाऊन स्वतःच्या बशीतला खडा फोडून आणला. मेणबत्त्यांना अशी तपासणी नसते, मग कोरा नमुना काय असतो हे तिला कोण सांगणार? तिला तू शिकवलंस ते ठाऊक होतं. तेवढं तिने चोख केलं."

सासूबाईंचं विणकाम कधीच थांबलं होतं. "माझ्या वाकड्या तोंडामुळे झालं म्हणायचं हे," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात नवरा सुनावणीची नोटीस घेऊन आत आला. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि नोटिशीतलं शेवटचं कलम वाचून दाखवलं. बाहेरच्या व्यक्तीने नमुन्यात हस्तक्षेप केल्यास त्या व्यक्तीच्या स्वतःच्या परवान्याची फेरचौकशी.

खरं सांगितलं तर मेणबत्तीवालीचं दुकान जाणार. नाही सांगितलं तर त्यांचं.

६

संध्याकाळी धाकटी खाली गेली. मेणबत्तीवालीने एका वाक्यात कबुली दिली आणि मग बराच वेळ रडत राहिली. "मला वाटलं, तुझी लाज राखली," ती म्हणत होती. धाकटीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की तिचं नाव कुठेही येणार नाही.

"मग खुलासा काय करणार?" नवऱ्याने विचारलं.

"ताईचा मुद्दा मांडणार. रिकाम्या बरणीत साखर आहे, साबणात नाही. म्हणजे साबणापर्यंत काही पोचलंच नाही."

"शास्त्र म्हणून अगदी बरोबर आहे," ताई म्हणाली, "आणि कार्यालय म्हणून बिनकामाचं."

गुरुवारी सगळे गेले. सासूबाईंनीही हट्ट धरला, सगळ्यांत चांगली शाल काढली. अधिकाऱ्याने धाकटीचा मुद्दा पूर्ण ऐकून घेतला, लिहूनही घेतला. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "मुद्दा हुशारीचा आहे. पण साखर कोणी घातली, हे तुम्ही सांगितलं नाहीत."

धाकटीने ताईकडे पाहिलं.

"माहीत आहे का तुम्हाला?"

खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, असं ठरवून आलेल्या माणसाचं जे होतं तेच धाकटीचं झालं. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"मी घातली," मागून आवाज आला.

दारात मेणबत्तीवाली उभी होती. इस्त्री केलेला कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. तिने सगळं सांगितलं, वाटीपासून चकतीपर्यंत. बोलताना ती अधिकाऱ्याकडेच बघत होती. तिचे गुडघे मात्र कोटाखालून थरथरताना दिसत होते.

अधिकाऱ्याने कपाळ चोळलं. इतक्या वर्षांत त्याने बरणीत धूळ पाहिली असेल, केस पाहिले असतील, मेलेली मुंगी पाहिली असेल. पाहुणचार पहिल्यांदाच पाहत होता.

"एक गोष्ट मला लिहावीच लागेल," तो म्हणाला. "घरातल्या माणसाच्या हातून झालं, तर ती चूक. नवा नमुना मागवतो, संपलं. बाहेरच्या माणसाने केलं, तर तो हस्तक्षेप. या बाई तुमच्या कोण?"

धाकटीने तोंड उघडलं. कोण म्हणावं? बहीण म्हटलं तर खोटं. शेजारीण म्हटलं तर घात.

सासूबाईंना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की सून अडकली आहे आणि ती बाई आता कोसळणार आहे. त्या उठल्या, मेणबत्तीवालीचं मनगट पकडलं आणि तिला फरफटत आणून आपल्या शेजारच्या खुर्चीत दाबून बसवलं.

"उभी काय राहिलीस खांबासारखी? पाय बघ कसे लटपटतायत. सकाळपासून काही खाल्लंयस का? नसणारच! कुणाला काही अक्कल नाही," असं म्हणत त्यांनी स्वतःची शाल ओरबाडून काढली आणि तिच्या गुडघ्यांवर टाकली.

अधिकारी पाहत राहिला. "काय म्हणाल्या त्या?"

धाकटीने शब्दन् शब्द भाषांतर केलं. अक्कल नसल्याचंही.

"त्या सगळ्यांशी अशाच बोलतात?"

"नाही," धाकटी म्हणाली. "परक्यांशी फार अदबीने बोलतात. असं फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला बोलतात."

"आणि हल्ली मला," ताई म्हणाली. धाकटीने तेही सांगितलं.

अधिकाऱ्याने पेन उचललं. एका चौकोनात खूण केली, कागद उलटा करून शिक्का मारला आणि म्हणाला, "नवं खोकं सोमवारी येईल. दुसऱ्या बरणीत काहीही घालू नका. ही विनंती समजा. घरातल्या सगळ्यांना सांगा." 'सगळ्यांना' म्हणताना त्याने मेणबत्तीवालीकडे पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"म्हणाला, ही आपल्या घरातली आहे."

"हे सांगायला सरकारी माणूस कशाला लागतो?"

"पण आई," ताईला राहवलं नाही, "परवा तर तुम्हाला हिच्या डोळ्यांत खोट दिसत होती."

"दिसत होतीच," सासूबाई म्हणाल्या आणि पायरी उतरायला मेणबत्तीवालीचा हात धरला. "घरातल्यांच्याच डोळ्यांत दिसते. परक्यांच्या डोळ्यांत बघतंय कोण?"